मागची खोली

गल्लीत तिला सगळे टेलरबाई म्हणत. सव्वीस वर्षं पायमशीनवर शाळेचे गणवेश शिवता शिवता उजव्या पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी हाड असं बाहेर आलं होतं, की चपलेचा पट्टासुद्धा सहन होईना. डॉक्टर म्हणाले, हाड कापून सरळ करावं लागेल आणि नंतर सहा आठवडे त्या पायावर भार टाकायचा नाही.

नर्सने कागदावर लिहून दिलं होतं. खाट न्हाणीघराजवळ हवी, जिना नको, पायपुसणी उचला, न्हाणीत बसायला स्टूल आणि धरायला दांडा हवा, पायाखाली दोन उशा. शेवटी लिहिलं होतं, हाकेच्या अंतरावर कायम कुणीतरी असावं.

“जिना नको म्हणजे मागची खोली,” नवरा म्हणाला.

“दुकानातच खाट टाकू की.”

“गिऱ्हाइकांसमोर तंगडी वर करून झोपणार?”

तिला हसू आलं नाही. दुकानाच्या मागे, न्हाणीघराला लागून असलेल्या त्या खोलीत तिची सासू आठ महिने अंथरुणाला खिळून होती आणि तिथेच गेली. त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून तिथे कापडाचे गठ्ठे होते आणि दार लावलेलं असे. उन्हाने कापड विटतं, असं टेलरबाई सांगे. खरं तर त्या खोलीला खिडकीच नव्हती.

आठवडाभर आधी मोठी नणंद मदतीला आली. पदर खोचून तिने गठ्ठे बाहेर काढले, खालची सासूची लोखंडी खाट पुसली, आणि दांडा बसवायला भिंतीत ड्रिल मारणाऱ्या भावाला म्हणाली, “एवढा मोठा प्लंबर तू! जगाच्या न्हाण्या नीट केल्यास. घरात एक दांडा बसायला बायकोचा पाय कापायची वेळ आली.”

टेलरबाई दारातूनच गठ्ठे घेत होती. एकदोनदा तिला खोलीच्या आतल्या कोपऱ्यातून दमलेला श्वास ऐकू आला. नणंद तेव्हा न्हाणीत होती. एकदा तर स्पष्ट ऐकू आलं, “अगं, ये गं जरा.” हातातला गठ्ठा तिने छातीशी धरला आणि ड्रिल पुन्हा सुरू होईपर्यंत सोडला नाही.

“आता झोपून बघ,” दुपारी नणंद म्हणाली. “नर्सने सांगितलंय ना, आधी सराव करा म्हणून.”

नवरा दांड्याचे स्क्रू आणायला गेला होता. ती खाटेवर आडवी झाली. पायाखाली उशा घेतल्या, मान दाराकडे वळवली, आणि तिच्या अंगावर काटा आला. इतकी वर्षं ती धरून चालली होती की या खाटेवरून नुसती भिंत दिसते. पण दुकानातला गिऱ्हाइकांचा मोठा आरसा उघड्या दारातून नेमका समोर येत होता. त्यात मशीन दिसत होतं, आणि मशीनवर बसलेल्या माणसाचा चेहराही. आत्ता तिथे नणंद बसली होती, चिंध्या निवडत.

“ताई,” तिने हाक मारली. “ताई, जरा येता?”

“आले हं,” नणंद म्हणाली. मान वर न करता.

टेलरबाई ताडकन उठून बसली. “ताई, आई झोपेत नाही गेल्या.”

मग तिने सगळं सांगितलं. त्या दुपारी गणवेशांच्या कॉलरी लावायच्या राहिल्या होत्या, शाळेचा माणूस पाच वाजता यायचा होता. सासूने हाक मारली. ही म्हणाली, आले, एवढं संपवते. दुसरी हाक आली तेव्हा हिने तोंड वाकडं केलं आणि मशीन जोरात चालवलं. दिवसातून पन्नासदा हाका यायच्या, त्यातलीच एक, असं तिला वाटलं. नंतर शांत झालं. बरं झालं, झोपल्या, असं म्हणून ती आणखी अर्धा तास शिवत राहिली. आत गेली तेव्हा सगळं संपलं होतं. तोंड दाराकडे होतं.

“माझं तोंड वाकडं झालेलं त्यांनी आरशात पाहिलं असणार, ताई.”

नणंदेने चिंध्या पिशवीत भरल्या, पिशवीला गाठ मारली, आपली बॅग उचलली आणि निघून गेली.

नवरा परत आला तेव्हा ती तशीच बसून होती. त्यालाही तिने सांगितलं. तो हातातले स्क्रू बघत राहिला.

“मला माहीत होतं,” तो म्हणाला. “आईचे डोळे मी मिटले. सताड उघडे होते.”

“मग चार वर्षं बोलला का नाहीत?”

“काय बोलणार? आठ महिने तू तिचं सगळं केलंस. मी सकाळी घराबाहेर पडायचो तो मुद्दाम उशिरा यायचो.” एवढं बोलून तो न्हाणीत गेला आणि दांडा घट्ट करत बसला. तो केव्हाच घट्ट झाला होता.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी नणंद हॉस्पिटलच्या बाकावर बॅग घेऊन बसलेली दिसली. “मी माफबिफ काही केलेलं नाही,” ती म्हणाली. “पण येते म्हणाले होते, तर आले.”

घरी आणल्यावर टेलरबाई हाकच मारीना. तहान लागली तरी गप्प, पाय ठणकला तरी गप्प. तिसऱ्या दिवशी एकटीच वॉकर घेऊन न्हाणीकडे निघाली आणि उंबऱ्यापाशी तोल गेला. नणंद धावत आली आणि तिने काखेत हात घालून सावरलं.

“तोंड शिवलंय का तुझं? माझ्या आईचं देणं असं पडून-धडपडून फेडणार आहेस? हाक मार!”

त्यानंतर ती हाक मारू लागली. प्रत्येक वेळी, नणंद येईपर्यंतच्या त्या चार-पाच क्षणांत, खाटेवर आपल्या शेजारी आणखी कुणीतरी दाराकडे बघत पडलंय असं तिला वाटे. तसं वाटणं सहा आठवडे संपेपर्यंत गेलं नाही. हाड मात्र छान जुळलं. डॉक्टर खूश झाले.

नणंद निघायच्या आदल्या संध्याकाळी खाटेच्या कडेवर येऊन बसली.

“त्या दिवशी तिला काय हवं होतं गं?” तिने विचारलं. “पाणी? की नुसतंच ये म्हणत होती?”

“माहीत नाही, ताई. रोज विचार करते.”

“मीही आता करणार,” नणंद म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती गेली नाही. आणखी चार दिवस राहिली.