कारखान्यातला रिकामा पाळणा

मी एक जुना पाळणा आहे, मित्रांनो. लोखंडी, निळ्या रंगाचा, जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका बियाण्याच्या कारखान्यात राहणारा. वापरून वापरून जुना झालो असं मात्र समजू नका. मी नुसता उभा राहून जुना झालो. ज्याला काम नसतं त्याच्या डोक्यात प्रश्न फार येतात. माझ्याही आले. त्यातला सगळ्यात मोठा प्रश्न असा, की मला इथं आणलं तरी कशाला?

माझा जन्म इथलाच. एका रोलिंग मिलमध्ये भंगार वितळवून गज केले, त्यातले काही गज गयासोद्दीनभाईंच्या वेल्डिंगच्या दुकानात आले आणि त्यांचा मी झालो. त्याआधी मी कुणाची सायकल होतो की कुणाच्या विहिरीवरचा रहाट, कोण जाणे. हे कुणी सांगितलं तर मला आजही ऐकायला आवडेल.

गयासोद्दीनभाई एरवी गेट, ग्रील आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या बनवायचे. पाळणा त्यांनी पहिल्यांदाच केला. कारखान्याचा माणूस घाई करत दारात उभा होता, तरी भाई कानस सोडायला तयार नव्हते.

"गेट असतं तर जल्दी देऊन टाकलं असतं," ते म्हणाले. "ह्याच्यात कुणाचं तरी लेकरू झोपणार. बराबर घासावं लागंल."

घासून झाल्यावर त्यांनी माझ्या कोपऱ्यांवरून स्वतःचा गाल फिरवून पाहिला. कुठं टोचत नाही अशी खात्री झाली तेव्हाच मला टेम्पोत चढवलं. त्या दिवशी मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू!

कारखान्यात माझ्यासाठी वेगळी खोली होती. भिंतीवर पोपट आणि आंबा काढलेला, दारावर 'पाळणाघर' अशी पाटी. जिथं पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतात तिथं पाळणाघर हवंच, असा कायदा आहे. सरकारी तपासणीची काही माणसं आली, त्यांनी खोली पाहिली, माझा फोटो काढला आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी खोलीत रिकाम्या गोण्यांची थप्पी लागली. माझ्यात सुपरवायझर कल्याण साहेबांचं हेल्मेट येऊन बसलं. आता हेल्मेटला अंगाई कोण म्हणणार?

खोलीची खिडकी मात्र शेडकडे उघडायची, आणि ती खिडकीच माझी शाळा झाली. बदनापूरकडच्या गावांतून टेम्पोनं येणाऱ्या बायका तिथं कामाला होत्या. काही जणी लांब टेबलावर फुटकं, किडकं बी निवडायच्या. काही जणी पलीकडे औषध लावलेलं बी पिशव्यांत भरायच्या. कीड लागू नये म्हणून बियाण्याला लाल औषध लावतात. ते विषारी असतं, त्याचा वास डोक्यात जातो आणि तळहात लालभडक होतात. मेंदीसारखे दिसतात, पण मेंदी हौसेनं लावतात. कारखान्याचा रिवाज असा, की नवीन आलेल्या बाईला आधी औषधाकडे बसवायचं आणि ती जुनी झाली की निवडीच्या टेबलावर घ्यायचं.

खिडकीतून पाहता पाहता मला दोन कोडी पडली. अधूनमधून एखादी बाई यायची बंद व्हायची. वर्ष-दोन वर्षांनी परत दिसायची, ती थेट औषधाकडे. चांगली जुनी बाई पुन्हा नवी कशी होते? आणि इतक्या बायका असून माझ्यात एकही मूल कसं येत नाही?

दोन्ही कोडी एकाच दुपारी सुटली. माझ्या खोलीच्या दाराशी सावली असते, म्हणून साळूबाई आणि दैवशाला तिथं भाकरी खायला बसल्या होत्या. साळूबाई सगळ्यांत वडीलधारी. दैवशाला तरुण, नुकतीच लागलेली, म्हणून औषधाकडे बसणारी. तिनं दोन घास खाल्ले आणि डबा बाजूला सारला.

"त्या वासानं लई मळमळून राह्यलं, मावशी."

साळूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "कितवा महिना?"

"तिसरा. जागा बदलून मागू का साहेबाला?"

"मागशील, पण कारण काय सांगशील? पोटुशी हाय म्हणलं की साहेब गोड बोलून घरी धाडतेत. बाई, आराम कर, लेकरू मोठं झालं की ये."

"मंग येता येतं ना?"

"येतं की. पण नवी म्हणून. मला तीन लेकरं झाली, अन् मी तीनदा नवी झाले."

दैवशालेनं डब्याचं झाकण लावलं. मला तिची अडचण कळली, मित्रांनो. खरं सांगितलं तर काम जाणार. लपवलं तर रोज आठ तास तो वास पोटातल्या बाळालाही सोसावा लागणार. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते हेच. तिचा नवरा खडी केंद्रावर रोजंदारीनं जात होता आणि घर दोघांच्या कामावर चालत होतं. तिनं लपवायचं ठरवलं. तोंडाला ओढणी घट्ट बांधून ती पुन्हा औषधाकडे गेली. मी इतका जवळ होतो आणि काही करू शकत नव्हतो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत कारखान्यात धावपळ उडाली. कामगार खात्याच्या मॅडम तपासणीला येणार होत्या. गोण्या हलल्या, हेल्मेट निघालं, मला ओल्या फडक्यानं पुसलं आणि माझ्यात कोरी दुपटी अंथरली. पाळणाघरात मुलं सांभाळायला मावशी हवी, ती नव्हतीच. म्हणून कल्याण साहेबांनी समोर दिसलेल्या दैवशालेला पांढरा एप्रन चढवला आणि माझ्याशेजारी उभं केलं.

"तू फक्त उभी ऱ्हाय. बोलायचं काम माझं," ते म्हणाले.

मॅडम आल्या. बारीक अंगाच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी पोपट पाहिला, आंबा पाहिला आणि विचारलं, "मुलं कुठं आहेत?"

"आज कुणी आणलं न्हाई, मॅडम. बाकी पाळणाघर बिलकुल चालू हाय. हे बघा ना." असं म्हणून कल्याण साहेबांनी मला जोरात झोका दिला.

रिकामा पाळणा हलवू नये असं आपल्याकडे घरोघरी मानतात. बाळाला त्रास होतो म्हणे. त्यात तथ्य किती, हे मी स्वतः पाळणा असूनही मला ठाऊक नाही. पण मी हललो मात्र, आणि दैवशालेचा हात आपोआप पुढं आला. तिनं माझा गज घट्ट धरला.

"साहेब, रिकामा पाळणा हलवू नका."

"का बरं?" मॅडमनी विचारलं.

"लेकराला चांगलं नसतं म्हणतेत."

"कुणाच्या लेकराला? इथं तर मूलच नाही."

दैवशालेनं आधी साहेबांकडे पाहिलं, मग आपल्या लाल झालेल्या तळहातांकडे.

"हाय, मॅडम," ती म्हणाली. "माझ्या पोटात हाय. अन् मी हितली मावशी न्हाई, मी औषधाकडं बसते."

कल्याण साहेबांचा चेहरा पडला. मॅडम रागावल्या नाहीत. माझ्यासारखंच त्यांनाही कुतूहल होतं. त्यांनी विचारलं, "साहेब, तुमच्याकडे बाळंतपणाची रजा आजवर कुणी घेतली?"

"कुणी न्हाई, मॅडम."

"इतक्या बायका, इतकी वर्षं, आणि कुणालाच मूल झालं नाही?"

"झाली की. पण त्या आपल्या खुशीनं घरी बसतेत."

दाराशी साळूबाई येऊन उभ्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "साहेब, माझी खुशी तुम्ही कवा विचारली होती?"

कल्याण साहेब वाईट माणूस नव्हते, पण आधीपासून चालत आलेलं खरंच धरायचं, ही त्यांची सवय होती. मॅडमनी कारखान्याच्या मालकांना, शेठना, बोलावून घेतलं आणि त्यांच्यासमोर सगळ्या बायकांना समजावून सांगितलं. बाळंतपणाची रजा ही मेहेरबानी नाही. पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवड्यांची असते आणि पगारी असते. गरोदर आहे म्हणून कुणाला कामावरून काढता येत नाही. पोटुशी बाईला विषारी औषधाजवळ बसवायचं नाही. रजा संपली की ती परत येते ती जुनीच म्हणून, आणि तिच्या बाळासाठी पाळणाघर उघडं असलं पाहिजे.

"मी पुन्हा येईन," जाताना त्या शेठना म्हणाल्या. "पण या वेळी आधी कळवणार नाही."

दुसऱ्या दिवसापासून दैवशाला निवडीच्या टेबलावर बसू लागली. पुढं ती रजेवर गेली आणि तिच्या जागी दुसरी मुलगी आली. बायका आपसात कुजबुजत. कुणी म्हणे, ती काही परत येत नाही. कुणी म्हणे, येईल, पण औषधाकडेच बसेल. मलाही धाकधूक होतीच. सांगितलेलं आणि केलेलं यांत किती अंतर असतं, ते मी हेल्मेट उरावर घेऊन शिकलो होतो.

एका सोमवारी दैवशाला टेम्पोतून उतरली. कडेवर टोपरं घातलेली मुलगी. शेडमधले सगळे हात थांबले. कल्याण साहेब केबिनमधून बाहेर आले, टेबलाकडे गेले आणि त्या दुसऱ्या मुलीला म्हणाले, "तू तिकडं सरक, बाई. ही हिची जागा हाय."

मग दैवशाला माझ्याकडे आली. आता खोलीत खरोखरच्या मावशी होत्या. तिनं माझ्यात मुलीला ठेवलं आणि, मित्रांनो, मी घाबरलो. हेल्मेट सांभाळणं वेगळं, श्वास घेणारं माणूस सांभाळणं वेगळं. तिची मूठ गयासोद्दीनभाईंच्या अंगठ्याएवढी तर होती! पण मी हललो, ती जांभई देऊन झोपली, आणि मला इतका आनंद झाला की कुरकुर करायचंही मी विसरलो.

बायका एकेक करून तिला बघून गेल्या. शेवटी शिवकन्या आली. ही औषधाकडे बसणारी, मितभाषी. ती माझ्याजवळ बराच वेळ उभी राहिली. मग तोंडाची ओढणी सोडून ती सरळ शेडच्या मध्यभागी गेली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "साहेब, माझी जागा बदला. मला दिवस गेलेत."

साळूबाई उठल्या आणि त्यांनी आपल्या शेजारी बाकावर तिच्यासाठी जागा केली. ज्या शेडमध्ये ही बातमी कायम लपवली गेली, तिथं ती पहिल्यांदा मोठ्यानं बोलली गेली.

मित्रांनो, मला रंग लावा, तेल द्या असं मी काही मागत नाही. तुम्हाला एकच सांगणं आहे. आज घरी गेल्यावर आईला विचारा, की मी झालो तेव्हा, मी झाले तेव्हा, तुझ्या कामाचं काय झालं? ती लगेच काही बोलली नाही, तर घाई करू नका. तिच्याजवळ बसा.