काढून टाकलेला शब्द

भार्गवीने चौथ्यांदा तीच आज्ञा पाठवली. उत्तर आलं नाही. पडद्यावर एकेचाळीस ओळी लाल होत्या. बसवनगुडीच्या रुग्णालयातली यंत्रं नेटवर्कला जोडणाऱ्या एकेका स्विचची एकेक ओळ.

मॅनेजर तिप्पेस्वामीने फोन ठेवला.

"हृदयविभागात बारा पेशंट आहेत. त्यांचे ठोके दाखवणारा पडदा काळा पडलाय. नर्स एकेका खाटेपाशी उभ्या आहेत. त्यांचे डायरेक्टर मला काय बोलले ते सांगू का तुला?"

तिने नकारार्थी मान हलवली.

"दोन वर्षं काय सांगत होतीस? हाताने कोण करत बसतं, माझा कोड अकरा सेकंदांत करतो. केलं ना अकरा सेकंदांत सगळं बंद?"

तिची बोटं गार पडली होती. तो खुर्चीमागून हलत नव्हता.

"साचा नंजुंडण्णांचा आहे," ती म्हणाली. "मी फक्त कोडमध्ये बसवला."

पलीकडे नंजुंड डब्यातला चित्रान्नाचा भात मोकळा करत होता. वीस वर्षं त्याने एकेक स्विच हाताने लावला होता. तिचा कोड आल्यापासून त्याला फारसं काम उरलं नव्हतं. त्याने वर पाहिलं.

तिप्पेस्वामी तिकडे वळला.

"वाटलंच मला. घरी बसायचं वय झालंय तुमचं, नंजुंड. बसा की. दुसऱ्यांना घेऊन कशाला बुडताय?"

नंजुंडने डबा मिटला. खणातून निळी वायर काढली, लॅपटॉप पिशवीत घातला.

"इथून आता आत शिरता येणार नाही. तिथे जाऊन वायर लावायला हवी," तो म्हणाला. जाताना त्याने भार्गवीकडे एकदा पाहिलं आणि हेल्मेट उचललं.

दार लागलं तशी तिच्या बोटांत ऊब आली. श्वास खाली उतरला. आणि त्याचीच तिला किळस आली.

तिची थोरली बहीण वसुधा माकडांचा अभ्यास करते. त्यांच्या लेंड्या बाटल्यांत भरून आणते आणि कोण किती धास्तावलंय ते त्यावरून ताडते. उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, पंगतीत ती सांगत होती, "मार खाल्लेलं माकड मारणाऱ्याला चावत नाही. वळून आपल्याहून दुबळ्याला चावतं. मग त्याची धास्ती उतरते. फार जुनं आहे हे, आपणही तिथूनच आलोय." सगळे हसले होते. भार्गवीही हसली होती.

तिने नंजुंडचा मूळ साचा उघडला आणि आपल्या कोडशेजारी ठेवला. सव्विसाव्या ओळीत त्याच्याकडे 'ॲड' हा शब्द होता. तिच्याकडे नव्हता. तो असला की जुन्या मार्गांत नवा मार्ग जोडला जातो. नसला की जुने सगळे पुसले जाऊन एकटा नवाच उरतो. ओळ सुटसुटीत करताना तिनेच तो काढला होता.

"हो सर, जुना माणूस आहे," तिप्पेस्वामी शेजारच्या टेबलावरून फोनवर सांगत होता. "त्याची चूक. आजच बघतो त्याचं."

अर्ध्या तासाने तिचा मोबाइल वाजला.

"स्पीकरवर ठेव," तिप्पेस्वामी म्हणाला.

"तळघरात आहे," नंजुंडचा आवाज आला. मागे पंखे घरघरत होते. "वायर लागलीय. तुझ्या कोडमधली सव्विसावी ओळ वाच."

तिने वाचली. नंजुंडने ती तिच्याकडून पुन्हा एकदा वाचून घेतली.

"भार्गवी, स्पीकर चालू आहे का?"

तिप्पेस्वामीने मान वर केली.

"असला तर बंद कर, बाळ. जरा वेगळं विचारायचंय."

तिचा अंगठा बटणावर गेला. तिथेच राहिला.

"चालू आहे, अण्णा," ती म्हणाली. "तुमच्या साच्यात 'ॲड' होता. मी काढला."

पलीकडे कळा वाजल्या.

"बरं," नंजुंड म्हणाला. "सत्ताविसावी वाच."

तिप्पेस्वामी उठून पुन्हा तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला. पडद्यावर पहिली ओळ हिरवी झाली. तिने मागे पाहिलं नाही. पुढची ओळ वाचायला घेतली.