बाईच्या तोंडचा मजकूर

मी मच्छिंद्र, कंपोझिटर. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं, शब्द जुळवायचा, पान बांधायचं, आन छापून झालं की पान मोडून अक्षरं परत खणात टाकायची. यात कसली आली अक्कल, असं आमचे मालक सहादेवराव म्हणायचे.

दुष्काळाच्या उन्हाळ्यात आमी एका पुढाऱ्याचा गौरव अंक छापला. छापून झाला, वाटून झाला, लोकांनी त्यात भजी बांधून नेली, तरी मालक त्याची पानं मोडू देईनात. म्हणायचे, पुढारी साहेबांनी आणखी प्रती मागितल्या तर? मी म्हणालो, साहेबांची मूळ कॉपी कपाटात हाय, मागतील तवा परत जुळवीन, शिसं कशाला अडकवून ठेवता? त्यावर, तुला काय कळतं. निम्मी अक्षरं त्या गौरवात गुंतली, आन मी लग्नपत्रिकेसाठी 'म' हुडकत बसायचो.

अशात एका दुपारी खडी फोडायच्या कामावरनं झुंबरबाई आली. तिथं बाया तान्ही पोरं घेऊन उन्हात बसायच्या, आन पाण्याचा टँकर मुकादमाच्या तंबूपाशीच रिकामा व्हायचा. दुसऱ्या दिवशी कलेक्टर कामावर येणार हुते. त्यांच्या हातात द्यायला तिला पत्रक पायजे हुतं. लिहून आणलंय का, मी इचारलं.

"लिवता येत न्हाई भाऊ. मी बोलते, तू जुळव."

ती बोलत गेली, मी जुळवत गेलो. लई रोखठोक बाई. निम्म्यात अक्षरं संपली, तवा मी साहेबांच्या गौरवाचं पहिलं पान मोडलं, मग दुसरं. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. सगळं वाचून दाखवल्यावर ती हजेरी बुडंल म्हणून कामावर परत गेली.

पान मशीनवर चढवतोय तोच मालक आले. साहेबांना खरंच आणखी प्रती पायजे हुत्या, त्याबी उद्याच. मोडलेली पानं बघून त्यांचा पारा चढला. बाईचं आत्ताच मोड आन त्याच अक्षरांनी साहेबांचं जुळव, म्हणाले. माझं डोस्कंच फिरलं.

"साहेबांचं कवाबी जुळंल, त्यांची कॉपी कपाटात हाय. हिची कॉपीच न्हाई. हे मोडलं तर बाईचं बोलणं मोडलं. मी मोडणार न्हाई."

"मग उद्यापासनं येऊ नकोस. आन माझ्या छापखान्याचं नाव त्यावर दिसता कामा नये."

छापणाऱ्याच्या नावाबिगर पत्रक वाटलं तर पोलीस बायांनाच धरणार. मालकांना वाटलं, आता हा गपगुमान मोडतोय. मी गौरव अंकाचं आणखी एक पान ओढलं, त्यांच्या देखत मोडलं, आन पत्रकाच्या खाली एक ओळ जुळवली. मग मशीनच्या ट्रेडलवर पाय दिला आन छापायला लागलो. मालक शिव्या देत ऱ्हायले, पण मधी आले न्हाईत.

ऊन कलायच्या आत मी गठ्ठा घेऊन खडीवर गेलो. सगळ्या बाया गोळा झाल्या. झुंबरबाई म्हणाली, पुन्हा एकदा वाच. मी वरपासनं खालपर्यंत वाचलं, शेवटची ओळबी वाचली: छापणार, मच्छिंद्र कंपोझिटर, मुक्काम केडगाव.

"हे मी बोलले न्हाई," ती म्हणाली.

"न्हाई," मी म्हणालो. "तेवढं माझं हाय."