मोजे घातलेल्या बाटल्या

माझ्या नणंदेला घरात सगळे गुंडी म्हणतात. लहानपणी तिनं वडिलांच्या कोटाची गुंडी गिळली होती, तेव्हापासूनचं हे नाव. ही बाई पुढे काय काय गिळेल याची सूचना त्या घराला तेव्हाच मिळाली होती. मला मात्र ती लग्नानंतरही कुणी दिली नाही.

माझी जीभ जरा जास्तच जागी आहे. दूध उद्या नासणार असेल तर मला ते आज कळतं. लोणी कुठल्या डब्याशेजारी ठेवलं होतं तेही कळतं. माहेरी याला खोड म्हणायचे. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी निकाल दिला, "ही पोरगी नाकानं कांदे सोलते." नवरा हसला आणि त्यानं विषय सोडून दिला. एकट्या गुंडीनं खुर्ची पुढे ओढली. त्या दिवशी तिनं शहरातल्या एका लहानशा ब्रुअरीची बिअर आणली होती. मी एक घोट घेतला आणि म्हटलं, हिला ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय, बाटली फार दिवस पडून असणार. गुंडीनं बाटली फिरवून तारीख वाचली. खरंच जुनी होती.

"वहिनी," ती म्हणाली, "ही खोड नाही गं. हा धंदा आहे."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्या जिभेचं कौतुक केलं होतं. त्या एका वाक्यावर मी तिच्यावर जीव टाकला. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

त्यातून आमचं पान सुरू झालं. शहरात आणि आजूबाजूला छोट्या छोट्या ब्रुअऱ्या निघत होत्या. दर रविवारी त्यातल्या काहींची बिअर आम्ही प्यायचो आणि कशी आहे ते इंटरनेटवरच्या आमच्या पानावर लिहायचो. खरेदी तिची, जीभ माझी, लिखाण तिचं आणि मोजे माझ्या नवऱ्याचे. मोजे कशाला, तर बाटलीचं लेबल दिसू नये म्हणून. लेबल दिसलं की जीभ खोटं बोलायला लागते. चित्र देखणं असेल तर बिअर गोड लागते, आणि ओळखीच्या माणसाची असेल तर तिच्या कडूपणाला आपण धाडस म्हणतो. म्हणून गुंडी स्वयंपाकघरात बाटल्यांना मोजे चढवायची आणि टेबलावर त्यांची रांग लावायची. शाळेला निघालेल्या पोरांसारख्या दिसायच्या त्या.

नियम आम्ही दोघींनी मिळून केले होते. ब्रुअरीवाल्याचं फुकट प्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, आणि गुण दिल्याशिवाय मोजा काढायचा नाही. एक नियम एकट्या गुंडीचा होता. नापास झालेली बिअर छापायची नाही, आणि तिचा मोजाही काढायचा नाही. "लहान माणसं असतात गं," ती म्हणायची, "कुणाच्या पोटावर पाय कशाला?" मला तो नियम फार आवडला होता. मी तोंडाची फटकळ, त्यामुळे आमच्या दोघींतलं मन तिच्याकडे आहे, असं मी लोकांना कौतुकानं सांगायचे.

लोकांचा आमच्यावर विश्वास बसला. कोपऱ्यावरचा दुकानदार आमचा मजकूर कागदावर छापून फ्रिजच्या दारावर चिकटवायचा. या दोघी कुणाच्या बापाला भीत नाहीत, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा, आणि ते ऐकायला मी उगाच त्याच्याकडे अंडी आणायला जायचे.

थंडी सुरू झाली तेव्हा रांगेत पाचवी बाटली आली. आधी चारच असायच्या. पाचवीचा पहिला घोट मी जवळजवळ थुंकलेच. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास. म्हटलं, ही टँकमध्ये पुरती मुरलेलीच नाही, कुणीतरी उतावळ्यानं बाटलीत भरलीय. दुकानात इतकी कच्ची बिअर आली कशी, असं माझ्या मनात आलं, पण गुंडीनं "नापास" म्हणून ती बाटली मोज्यासकट पिशवीत टाकली आणि विषय संपला.

पुढच्या रविवारी पाचवीत सफरचंद नव्हतं, पण संत्र्याची साल इतकी होती की साबणाचं पाणी प्यायल्यासारखं वाटलं. "मग काय करायला हवं होतं?" गुंडीनं विचारलं.

"मी काय ब्रुअर आहे?"

"तरी सांग ना. गंमत म्हणून."

मग मी सांगितलं. साल निम्मी करा आणि शेवटी शेवटी घाला. कडूपणा आत्ता घशाला चावतोय, तो थोडा मागे घ्या. आणि गिळल्यावर भाजलेल्या ब्रेडच्या कडेसारखं काहीतरी तोंडात राहिलं पाहिजे, नाहीतर दुसरा घोट घ्यायचा कशाला? मला विचारणारं माणूस भेटलं की मी थांबत नाही. गुंडी हनुवटीखाली हात ठेवून ऐकत होती. किती आपुलकीनं ऐकते, असं मला वाटलं.

असे बरेच रविवार गेले. पाचवी दरवेळी नापास व्हायची, पण दरवेळी थोडी कमी नापास. मी एकदा म्हटलंही, "तुझ्या नापासांत एक पोरगं अभ्यासाला लागलंय बघ."

गुंडीच्या हातातून ब्रेडचा तुकडा पडला. "वहिनी, ओळखायचं नाही," ती म्हणाली. "नुसती चव सांगायची."

मी ओशाळले. नियम मोडला म्हणून चक्क तिची माफी मागितली.

त्याच दिवसांत माझ्या नवऱ्याचे मोजे हरवायला लागले. रोज सकाळी पलंगावर बसून एक पाय वर धरून तो विचारायचा, "याचा जोडीदार कुठे गेला?" लाल टाचेचा राखाडी गेला, चौकड्यांचा गेला, त्याच्या आईनं विणलेला हिरवा गेला. मग एक दिवस त्यानं तक्रार करणंच बंद केलं. नवे मोजे घेऊन आला आणि मुकाट्यानं घालू लागला. पायातला मोजा हरवला तर घर डोक्यावर घेणारा हा माणूस एकाएकी साधुसंत कसा झाला, हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

शेवटी एका रविवारी मी पाचवी प्यायले. दुसरा घोट घेतला. संत्रं होतं, पण ते दाराआडून डोकावत होतं. कडूपणा आला आणि वेळेवर उठून गेला. मागे भाजलेल्या ब्रेडची कड राहिली, अगदी हवी तेवढीच.

"संत्रं दाराआडून डोकावतंय. हिला आता कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं.

गुंडीचे डोळे भरून आले. तिनं उठून मला मिठी मारली. बिअर चांगली लागली म्हणून रडणारं माणूस मी तरी पहिल्यांदाच पाहत होते, पण मिठीत असलेल्या माणसाला प्रश्न विचारत नाहीत. "ही छापायची ना?" एवढंच मी विचारलं. "बघते," ती म्हणाली. पुढच्या रविवारी रांगेत पुन्हा चारच बाटल्या होत्या. पाचवीचं काय झालं विचारलं तर म्हणाली, "दुकानातून संपली गं." मला खरंच हळहळ वाटली.

थंडी सरता सरता शहराच्या कडेच्या एका ब्रुअरीत नवी बिअर येणार असल्याचं कळलं. ती ब्रुअरी चालवणाऱ्याला सगळे पिंप म्हणतात. माणूस इतका काटकुळा, की हे नाव म्हणजे पिंपाचा अपमान आहे. आमंत्रण सगळ्यांना खुलं होतं. "तू नको येऊस," गुंडी म्हणाली, "गर्दीत तुझं डोकं दुखेल." नवराही म्हणाला, "कशाला उगाच तडफडत जातेस?" आजवर या दोघांनी मला कुठेही जायला अडवलं नव्हतं. त्यामुळे मी गेले.

पूर्वीचं ते गॅरेज होतं. एका बाजूला स्टीलचे उंच टँक, ओली फरशी, सापासारखे पसरलेले पाइप, आणि सगळीकडे शिजवलेल्या माल्टचा, मोड आणून भाजलेल्या जवाचा, उबदार वास. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच ब्रुअरीत पाऊल ठेवत होते. आपण इथे कुणाला गुण द्यायला आलेलो नाही, त्यामुळे नियम मोडत नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली. काउंटरवर पैसे देऊन ग्लास घेतला आणि प्यायले.

पहिल्या घोटातच ओळखलं. संत्रं दाराआडून डोकावत होतं. मागे ब्रेडची कड राहिली. दुकानातून संपलेली बिअर आज जन्माला येते कशी?

"वहिनी, तुम्ही!" पिंप लोकांतून वाट काढत आला. त्यानं दोन्ही हातांनी माझा हात धरला. "ताई म्हणाल्या होत्या तुम्हाला पडद्याआडच राहायचंय, म्हणून मी कधी भेटायला आलो नाही, नुसतं फोटोत पाहिलं होतं. पण आज सांगतो, साल निम्मी करायला सांगितलीत ना, तिथेच सगळं जमलं. ताई माझ्या भागीदार खऱ्या, पण ही बिअर तुमची आहे."

त्याचा चेहरा इतका निर्मळ होता की त्याच्यावर रागावताही येईना. त्याच्या खांद्यावरून मला मागची खोली दिसत होती. तिथे गरम पाण्याच्या पाइपवर धुतलेले मोजे वाळत घातले होते. लाल टाचेचा राखाडी. चौकड्यांचा. सासूबाईंनी विणलेला हिरवा.

गुंडी त्याच खोलीत ग्लास पुसत होती. मला पाहून तिनं फडकं खाली ठेवलं आणि दार लोटलं.

"चांगली झालीय की नाही?" हे तिचं पहिलं वाक्य.

"झालीय."

"मग? तू जे बोललीस तेच केलंय आम्ही. तुझा एक शब्द वाया घालवला नाही."

"मला विचारायचं होतंस."

"तू नाही म्हणाली असतीस. ब्रुअरीवाल्याशी आपण बोलत नाही, असं तोंडावर सांगितलं असतंस." ते खरं होतं, आणि खरं होतं म्हणून मला जास्तच संताप आला. ती पुढे म्हणाली, "आणि समजा हो म्हणाली असतीस, तर माझी बिअर म्हणून गोड बोलली असतीस. मला तुझी खरी जीभ हवी होती, वहिनी."

"जीभ खरी हवी, म्हणून तू रविवारमागून रविवार खोटं बोललीस."

"घरचंच तर होतं."

"घरच्यांनीच केसानं गळा कापायचा असतो, हे मला माहीत नव्हतं."

तिनं मान खाली घातली. वाटलं, आता माफी मागेल. मनातल्या मनात तर ती मागण्याआधीच मी तिला निम्मं माफ केलं होतं. पण ती हळूच म्हणाली, "या रविवारी पानावर हीच घेऊया ना? मी लिहून ठेवलंय."

घरी आले तेव्हा नवरा सोफ्यावर बसला होता. टीव्ही बंद होता, म्हणजे त्याला सगळं कळलेलं होतं. "कधीपासून माहीत होतं तुला?" मी विचारलं.

"मधे तिला सोडायला तिकडे गेलो, तेव्हा मोजे दिसले." तो स्वतःच्या पायांकडे बघत होता. "तिनं शपथ घातली. बहीण आहे गं."

"आणि मी?"

त्यानं पाय सोफ्याखाली ओढून घेतले. नवे मोजे मात्र छान बसले होते त्याच्या पायात.

रविवारी सकाळी मी स्वतः पानावर लिहिलं. लिहिणं माझं काम नव्हे, त्यामुळे थोडक्यात लिहिलं. ही बिअर चांगली आहे. पण मी तिला गुण देऊ शकत नाही, कारण ती माझ्या नकळत माझ्याच तोंडून घडवली गेली आणि आमच्यापैकी एक तिची भागीदार आहे. वाचणाऱ्यांनी आमची क्षमा करावी. दुपारी पुन्हा पाहिलं तर ते गेलं होतं. त्याजागी गुंडीचं लिखाण होतं. संत्रं दाराआडून डोकावतं, असं तिनं लिहिलं होतं. पूर्ण गुण. खाली नेहमीसारखं 'दोघींच्या वतीनं'. माझं पुन्हा टाकायला गेले तर पासवर्ड बदललेला होता. संध्याकाळी अंडी आणायला गेले, तेव्हा दुकानदार तोच कागद फ्रिजच्या दारावर चिकटवत होता. "वहिनी, अशी बिअर तुम्हीच शोधावी," तो म्हणाला. मी त्याला खरं सांगायला लागले. तो मधेच हसून म्हणाला, "राहू द्या हो, उगाच विनय." अंडी न घेताच मी परत आले.

त्यानंतर कितीतरी रविवार टेबल रिकामं होतं. गुंडी येत नव्हती आणि मी बोलावत नव्हते. परवा नवऱ्यानं मनावर घेतलं. न सांगता बाहेर गेला, स्वयंपाकघरात बराच वेळ खुडबुडत राहिला, आणि मग टेबलावर चार बाटल्यांची रांग लावली. सगळ्यांना त्याचे नवे, जोडीतले मोजे. "मी स्वतः दुकानातून आणल्यात," तो म्हणाला. "कुठलं पान नाही, काही नाही. तू नुसतं सांग, मी ऐकतो."

बिचारा मनापासून करत होता. मी खुर्चीवर बसले. त्यानं पहिला ग्लास भरून पुढे सरकवला. मी तो उचलला, ओठांपर्यंत नेला, आणि माझ्या लक्षात आलं की मी बिअरचा वास घेतच नाहीये. ही कुणाची, ही मला का दिलीय, एवढंच डोक्यात चाललं होतं.

मी ग्लास खाली ठेवला. बाटली जवळ ओढली आणि मोजा काढला. लेबल होतं. दुकानाची चिठ्ठीही होती. लेबलवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, मधाची गोडी आणि हलका धूर.

मग मी प्यायले.

"कशी आहे?" त्यानं विचारलं.

"मधाची गोडी," मी म्हटलं. "आणि हलका धूर."