सोनाळ्याचा सांगावा

"काका, यष्टी बंद हाय का आज?"

शेगावच्या पुढे रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्याने चहा देत विचारलं. हिंमतराव बाभळीला सायकल टेकवून फळीवर बसले होते आणि गुडघे चोळत होते.

"बंद कायले राहीन? चालू हाय. जानेफळहून निघालो तवापासून चार गेल्या बाजूनं."

"मंग जानेफळहून सायकलवर? आजकाल पोट्टे जाते तसे, हेल्मेट-गिल्मेट घालून?"

"बहिणीकडे चाललो सोनाळ्याले. मनात आलं, निघालो."

"हौसेले मोल नाही, बुवा!"

हौस कसली डोंबलाची! गेल्या पावसाळ्यात बायको गेली आणि तेव्हापासून घर खायला उठत होतं. सत्यभामाबाई होत्या तोवर हिंमतरावांनी 'हो' आणि 'नाही' या दोन शब्दांवर संसार रेटला. आता पोटभर बोलावंसं वाटत होतं, तर ऐकायला भिंती उरल्या होत्या. मुलगा शेखर पुण्याला. रोज फोनवर "जेवले का" विचारायचा, पण आईचा विषय निघाला की "बाबा, त्रास करून घेऊ नका" म्हणून दुसरंच काही काढायचा. तिच्याबद्दल मन मोकळं करावं असं माणूस एकच होतं, थोरली बहीण सुभद्राबाई. तिचा पाय तेव्हा प्लास्टरमध्ये होता, येता आलं नाही. फोनवर रडली, पण रेंज सारखी तुटत होती. अर्धं रडणं ऐकू आलं, अर्धं हवेतच राहिलं.

एसटीने दुपारीच पोचले असते. पण एसटीत शेजारचा विचारतो, घरी कोण कोण आहे? सायकलवर तेवढी तरी सुटका.

अंधारात निघून घाट उतरले तेव्हा अंगात जोर होता. आता दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन, कापूस वेचून झालेली पऱ्हाटी आणि तोंडावर वारा. समोर सातपुड्याची निळी रेघ दिसत होती; कितीही पायडल मारा, ती होती तिथेच. पूर्णेच्या पुलावर चिटपाखरू नव्हतं. मागेपुढे बघून हिंमतराव मोठ्याने म्हणाले, "अवं, पूर्णा आली पाह्य." आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. पुलाच्या पलीकडे ते बराच वेळ खाली मान घालून सायकल हाणत राहिले.

दिवस कलता कलता सोनाळा आलं. सुभद्राबाई ओट्यावर तूर निवडत होत्या. गल्लीच्या तोंडाशी धुळीने भरलेला भाऊ सायकल ढकलत येताना दिसला आणि त्यांच्या हातचं सूप खाली पडलं.

"अवं माय! कोण गेलं रे हिंमत?"

चूक त्यांची नव्हती. फोन नव्हते तेव्हा जानेफळहून मौतीचा सांगावा सायकलवर यायचा, आणि गावात धड सायकल एकट्या हिंमतरावांची. सांगाव्याचा माणूस दारात उभा राहायचा, नाव सांगायचा आणि पाणीसुद्धा न घेता पुढच्या गावाला निघायचा. बाप गेला तेव्हा ते असेच आले होते, माय गेली तेव्हाही. लग्नाकार्याला यायचे ते एसटीने. हिंमत सायकलवर आला म्हणजे माहेरचं माणूस कमी झालं, हे सुभद्राबाईंच्या मनात पक्कं बसलेलं.

"बोल ना रे! आपला शेखर बरा हाय ना?"

"शेखर बरा हाय."

"मंग कोण?"

आरडाओरडा ऐकून गल्लीतल्या बायका तोंडाला पदर लावून ओट्यावर गोळा झाल्या. हिंमतरावांना म्हणायचं होतं, कोणी नाही बाई, भेटाले आलो. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"सत्यभामा."

उभ्या जन्मात त्यांनी बायकोचं नाव घेतलं नव्हतं. एवढं मोठं नाव आपल्या तोंडात मावतं, याचंच त्यांना नवल वाटलं.

"ते त मांगंच गेली ना वं?" एक बाई दुसरीच्या कानाशी लागली.

सुभद्राबाई भावाच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग हळूच, पहिल्यांदाच ऐकावं तसं त्यांनी विचारलं, "कवा गेली रे?"

"पहाटं."

"कशी?"

"चहा ठेवला व्हता तिनं. उतू गेल्याचा वास आला, म्हणून म्या आवाज देल्ला. दोनदा देल्ला, बाई."

"माही भावजय गेली वं माय!" सुभद्राबाईंनी हंबरडा फोडला. या खेपेला रेंज तुटायची भीती नव्हती. त्यांच्या रडण्यात बायकांनीही आवाज मिळवला, ज्यांनी सत्यभामाबाईंना कधी पाहिलंही नव्हतं त्यांनीसुद्धा.

नाव सांगून झालं होतं. जुन्या सवयीने हिंमतरावांच्या हातांनी सायकल गल्लीकडे वळवली. सुभद्राबाईंनी लंगडत येऊन मागून कॅरिअर धरलं.

"आता कुठं चालला? सांगाव्याचा माणूस जाते, बाबू. तू घरचा हाय. बस."

हिंमतरावांनी हँडल सोडलं. सायकल रस्त्यातच आडवी झाली, ती उचलायला कोणी गेलं नाही. ओट्यावरच्या बायकांनी सरकून त्यांना मधोमध जागा करून दिली.