डाव्या हाताचा अर्थ

मित्रांनो, मी ओकच्या लाकडाचं एक जुनं वाचनमेज आहे. माथा उतरता, जाडजूड ग्रंथ ठेवून उभ्याने वाचता यावा म्हणून. लंडनच्या इल्फर्ड भागातल्या एका ज्यू प्रार्थनामंदिरात माझी उमेदीची वर्षं गेली. माणसं माझ्यावर कोपरं टेकून तावातावाने वाद घालायची. त्यांच्या जुन्या गुरूंची रीतच तशी. गोष्टीतला राजा नुसता राजा नसतो, विहीर नुसती विहीर नसते. आतला अर्थ ज्याने त्याने खणून काढायचा. मला तेव्हा कोण मान होता!

मग वस्ती पांगली, मंदिराला कुलूप लागलं. बाकीचं सामान कचऱ्याच्या स्किपमध्ये गेलं. मला शशी पेणकरांनी घरी आणलं. ते अलिबागकडचे मराठी ज्यू, बेने इस्राएल. त्यांची नात नीना इथेच जन्मलेली, मराठी मोडकंतोडकं बोलणारी. ती शाळेतून आली की आजोबा गोष्ट सांगायचे आणि ती अर्थ लावायची. "शब्दाला भुलू नकोस, आतलं बघ," हा त्यांचा रोजचा धडा. पोरगी तयार झाली, अगदी नको इतकी.

या हिवाळ्यात शशींच्या हातांचं वजन मला वेगळं लागू लागलं. ते वाचताना मध्येच थांबायचे. थंडीतही त्यांचा घाम माझ्यावर टपकायचा. मला भीती वाटायची, पण मेजाला तोंड कुठे असतं?

त्या दुपारी घरात दोघंच होती. नीनाची आई अरुणा कामावर गेली होती. वाचता वाचता शशींनी माझी कड घट्ट धरली.

"नीना, डावा हात फार दुखतोय गं. पार खांद्यापासून."

नीनाने डोळे मिटले. "वेट, आजोबा, मला येतं. उजवा हात म्हणजे देवाची दया. डावा म्हणजे शिक्षा. सो, देव रागावली आहे?"

अगं पोरी, फोन कर. जळो तो अर्थ. मी आतल्या आत ओरडत होतं.

शशींचा चेहरा पांढराफटक पडला होता. तरी ते हसले. जन्मभर शिकवत आलेला माणूस.

"शाबास. बरोबर लावलास."

नीना खूश झाली. "मग पुढे काय होतं, आजोबा?"

त्यांचा सगळा भार माझ्यावर आला, आणि मग शब्दही नाही, श्वासही नाही. अँब्युलन्स आली तेव्हा उशीर झाला होता.

मित्रांनो, ग्रंथांतले अर्थ हवे तेवढे शोधा. पण घरातलं म्हातारं माणूस दुखतंय म्हणालं, तर दुखतंय एवढाच अर्थ घ्या. नीनाला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

अरुणा तिला अजून विचारते, "आजोबा शेवटचं काय म्हणाले गं?"

"शाबास म्हणाले," नीना सांगते, आणि माझ्याकडे न बघता निघून जाते.