रिंगखालची जागा

कामिनीनं रेवाला पायरीवर अंथरलेल्या गोधडीवर बसवलं, तिच्या हातात खुळखुळा दिला आणि शिट्टी फुंकली. बास्केटबॉलच्या मैदानावर दिपमाला मधल्या रेषेवरून चेंडू घेऊन सुटली. सगळ्यांना मागे टाकून ती रिंगपाशी पोचली, पण डाव्या बाजूनं. तिथं अडखळली, चेंडू उजव्या हातात घ्यायला गेली आणि तो तिच्याच गुडघ्यावर आपटून मैदानाबाहेर गेला.

"वारा आहे वारा," कॉलेजचे क्रीडाशिक्षक बन्सीलाल सर म्हणाले. "पण एकाच बाजूनं वाहणारा."

सर निंबाच्या सावलीत खुर्ची टाकून बसले होते. सकाळचे आठही वाजले नव्हते, तरी मैदानाचं सिमेंट तापायला लागलं होतं. पुढच्या हंगामात हाताशी काय आहे ते बघायला त्यांनी मुलींना बोलावून घेतलं होतं. कामिनी याच मैदानावर त्यांची कॅप्टन होती. लग्न झालं, रेवा झाली, आणि आता ती जळगावच्या याच कॉलेजात तासाच्या मानधनावर मुलींना खेळ शिकवत होती.

"किरण कशी आहे?"

"लांबून टाकते, सर. निम्म्याहून जास्त आत."

"आणि समोरची टाकायला लागली की? अडवते?"

कामिनीनं मैदानाकडे बघितलं. किरण मैदानावर सरांच्या प्रश्नाचं उत्तर देतच होती. तिच्या शेजारून दिपमाला चेंडू घेऊन गेली, आणि किरण लग्नातल्या पाहुणीसारखी बाजूला होऊन बघत राहिली.

सर उठले. पायरीवर मुलींनी चपला ओळीनं काढून ठेवल्या होत्या. त्यांनी नुसतं त्या ओळीकडे बोट केलं.

"सात. त्यातल्या दोघी पाच-पाच फाउल करून बाहेर गेल्या की बदलीला कोणी नाही. आणि रिंगखाली उभी कोण राहणार? उंची कुठं आहे?"

"उंची येईल, सर."

"आता येईल? या वयात?" सर हसले, मग हसू आवरून हळू बोलले. "यंदा स्पर्धा धुळ्याला आहे, कामिनी. धुळ्यात जाऊन पहिल्याच सामन्यात चाळीसनं हरायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही. त्यापेक्षा प्रवेशिकाच नको."

"प्रवेशिका नाही गेली तर मुलींचा सकाळचा तास मुलांकडे जाईल. एकदा गेला की परत मिळत नाही."

"मला कळत नाही का ते? मग आठवी आण. उंच आण. अखाजीनंतर बोलू."

दोघांच्याही मनात एकच नाव होतं. मृणाली. धरणगावच्या तोताराम आबांची मुलगी, सरांनी हाताला धरून घडवलेली सेंटर. ती रिंगखाली उभी राहिली की समोरचा संघ लांबूनच चेंडू टाकायचा. माघात तिचं लग्न झालं आणि ती धुळ्याला गेली. दुसऱ्या वर्षाच्या पेपरांपुरती येऊन गेली, पण मैदानाकडे फिरकली नाही.

त्या दुपारी रेवाला मांडीवर घेऊन पाजता पाजता कामिनीनं धरणगावला फोन लावला.

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी येते, आणि तिला आणायला माहेरच्या माणसाला जावं लागतं. भाऊ, नसला तर चुलतभाऊ. त्याला मुराळी म्हणतात. मुराळी दारात उभा राहिला की सासरच्यांना नाही म्हणता येत नाही. मृणालीला सख्खा ना चुलत, भाऊच नव्हता, आणि आबांचा गुडघा धड नव्हता.

"आबा, मी जाऊ का मुराळी?"

 पलीकडे आबा खोकल्यासारखं हसले.

"बाई मुराळी कोनी देखी शे का, माय?"

"आता देखतील."

धुळ्यातल्या घराच्या गच्चीवर मृणालीची सासू द्रौपदाबाई कुरडया घालत बसली होती. घामानं डबडबलेली कामिनी कडेवर पोर घेऊन जिना चढून वर आली आणि कशासाठी आली ते तिनं एका दमात सांगून टाकलं. द्रौपदाबाईनं हातातला सोऱ्या खाली ठेवला आणि कठड्याशी जाऊन शेजारच्या गच्चीकडे हाक मारली.

"वं सुमनबाई! आमनाकडे मुराळी ऊनी शे. पोर लिसन ऊनी शे!"

शेजारची सुमनबाई पदर खोचत कठड्याशी आली. पोर घेऊन आलेल्या मुराळ्याला दोघी हसल्या. कामिनीला कानशिलं गरम झाल्यासारखी वाटली, पण ती हलली नाही.

"काकू, हसा खुशाल. पण मुराळ्याला रिकामं पाठवत नाहीत ना?"

द्रौपदाबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत नीट न्याहाळलं. मग रेवाला तिच्या कडेवरून अलगद उचलून घेतलं आणि कुरडईचा ओला चीक बोटावर घेऊन तिच्या ओठांना लावला.

"बस, माय. आधी जेवन कर. मग लई जा तुनी बहीनले."

आमरस होता, पोळ्या होत्या. मृणाली वाढत होती. ती अंगानं भरली होती, पण वाकून वाढताना पाय मात्र मैदानावर रोवल्यासारखे रोवत होती. ते बघून कामिनीला तिसरी पोळी जास्त झाली तरी गोड लागली.

एसटीत खिडकीची जागा मिळाली. पारोळा मागे पडेपर्यंत मृणाली रेवाशीच बोलत होती. रेवानं तिचं मंगळसूत्र मुठीत धरून ठेवलं होतं.

"सात पोरी आहेत," शेवटी कामिनी म्हणाली. "तू आठवी. तुझा जळगावचा प्रवेश आहेच, सामन्यांपुरती आलीस तरी चालेल. काकूंशी मी बोलते. आज बघितलंस ना, मला भीती वाटत नाही कोणाची."

मृणालीनं रेवाची मूठ एकेक बोट करत सोडवली.

"ताई, मी जूनमध्ये धुळ्याच्या कॉलेजात नाव घालणार आहे. ठरलंय. लग्नाच्या बोलणीतच मी विचारलं होतं, शिकू द्याल का, खेळू द्याल का. ते लोक म्हणाले, धुळ्यात राहून काय करायचं ते कर." ती थांबली. "मैदानावर जाते मी. पंधरा दिवस झाले. सासूबाईच सोडायला येतात. कडेला बसून पापड लाटायच्या गप्पा मारतात, पण बसतात."

कामिनी खिडकीबाहेर बघू लागली. कपाशीची उपटून नेलेली रिकामी रानं मागे जात होती. तापलेला वारा डोळ्यांत जात होता, म्हणून डोळे पुसायला निमित्त झालं.

"म्हणून पेपरच्या वेळी आली नाहीस मैदानावर."

"तुमच्यासमोर तोंड कसं दाखवू?"

"आणि आमचा मैदानाचा तास जाणार, ते माहीत होतं तुला?"

"किरणचा फोन आला होता." मृणाली सरळ बसली. बसमध्येही तिचं डोकं पुढच्या सीटच्या बरंच वर येत होतं. "ताई, मी आले असते तरी सरांनी आणखी काहीतरी काढलं असतं. नववी आण म्हणाले असते. ते हरायला घाबरतात. तुम्ही एक करा. सरांना सांगा, मृणाली धुळ्याकडून खेळणार आहे."

"त्यानं काय होईल?"

"सांगून तर बघा."

एरंडोलच्या स्टँडवर आबा काठी टेकत उभे होते. लेकीच्या आधी त्यांनी कामिनीपुढे हात जोडले. धरणगावची गाडी लागली होती. मृणाली पायरीवर चढली, वळली आणि दाराच्या चौकटीला डोकं आपटू नये म्हणून सवयीनं वाकली.

"ताई, मला अडवायला कोणीतरी तयार करा हं," ती तिथूनच ओरडली. "नाहीतर मजा नाही येणार."

अखाजी झाली. सोमवारी कामिनीनं सरांना सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. आठवी मिळाली नाही. सातच आहेत. उंची नाही. आणि मृणाली धुळ्याकडून खेळणार.

सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते. ते गुंडाळायचे थांबले.

"धुळ्याकडून?"

"हो, सर."

"तिला उडी कोणी शिकवली? इथं, या रिंगखाली. पहिले सहा महिने तिला चेंडू हातात दिला नव्हता मी. नुसती उडी." सर उभे राहिले. खुर्ची मागे कलंडली, तिच्याकडे त्यांचं लक्ष गेलं नाही. "आणि ती कप घेऊन धुळ्याला ठेवणार? आणि आपण इथं घरी बसून ऐकणार?"

"प्रवेशिका नसली तर घरीच बसावं लागेल, सर."

सरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. तिनं नजर खाली घेतली नाही. पायरीवर रेवा कोणाच्यातरी चपलेचा अंगठा चावत होती.

"प्रवेशिका मी भरतो," ते म्हणाले. "तू यांना उभं कर."

कामिनी वळली. कोपऱ्यात निंबाची पानं लोटून ठेवलेली होती, त्यावर लांब काठीचा खराटा पडला होता. तिनं तो उचलला, पदर खोचला आणि रिंगखाली जाऊन दोन्ही हातांनी खराटा डोक्यावर उभा धरला.

"ही मृणाली," ती मुलींना म्हणाली. "हिच्यावरून टाकायचं. दिपमाला, आधी तू. डाव्या हातानं."

पहिला चेंडू खराट्याला लागून परत आला. दुसराही. काड्या कामिनीच्या केसांत पडल्या. किरण हसायला लागली, मग हसायची थांबली आणि चेंडू मागायला हात पुढे केला. तिचा चेंडू खराट्याच्या टोकावरून, अगदी निसटता, आत गेला. मुली ओरडल्या.

सर सावलीतून उन्हात आले होते.

"खोटी आहे ती उंची," ते म्हणाले. "आणखी वर धर, कामिनी. तिची उडी विसरलीस तू."